जावेची कोंबडी आणि बदकाची आठ अंडी

बदकं पाळणं सोपं असतं असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं, त्याला मला एकदा समोर बसवून विचारायचं आहे की बाबा रे, तुझ्या घराला लागून जावेचं घर होतं का? मोबाइलवर ते व्हिडिओ असतात बघा. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस अंडी उबवायच्या चकचकीत मशीनचं दार उघडतो, आतली पिवळी पिल्लं दाखवतो आणि हसत हसत म्हणतो, घरबसल्या सुरुवात करा. आमच्या वाडीत भर दुपारी दोन-दोन तास लाइट नसते. त्या मशीनची मी काय पूजा मांडू?

मला बदकं हवी होती ती गोगलगायींसाठी. आमची वाडी दांडी गावाच्या अलीकडे, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चिकूची झाडं सासऱ्यांच्या वेळची, ती आपली उभी आहेत. पण झाडांच्या मधल्या जागेत मी दुधी, चवळी, वांगी लावते, ती माझी. त्या पावसाळ्यात गोगलगायींनी एक रोप शिल्लक ठेवलं नाही. सकाळी जावं तर नुसते देठ. नवरा बोईसरला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. तो म्हणाला, दुकानातून औषध आणतो, टाकू वाफ्यात. म्हणजे ज्या वाफ्यातली भाजी मी त्याच्याच डब्यात भरते, तिथेच विष! शेजारची म्हणाली, मीठ टाक. मीठ टाकल्यावर दुधीचं काय होईल हे तिला कुणी सांगायचं? फुकटचे सल्ले द्यायला लोकांना काहीच लागत नाही.

बोईसरच्या बाजारात डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई भाजी घेऊन बसते. माझं गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घेणारी तेवढी ती एकच. तिची बदकं भाताच्या खाचरात फिरतात, गोगलगायी, किडे सगळं खातात. गणपती झाल्यावर तिनं मला आठ अंडी आणून दिली, पत्र्याच्या डब्यात भाताच्या तुसात पुरून.

"आमची बदकां अंडी टाकून चालती होतात, बसत नाय," ती म्हणाली. "तू कोंबडीखाली ठेव. पण कोंबडीचे एकवीस दिस, याचे अठ्ठावीस. आन रोज थोडा पाण्याचा हात फिरव. सुकली तं पिल्लू आतच मरल."

आणि वर हेही सांगितलं की दिवाळी झाली की ती घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जाणार, बदकं विकून टाकणार. म्हणजे या आठ अंड्यांतून काय निघेल तेच. पुढच्या पावसात माझा वाफा राहणार की गोगलगायींच्या पोटात जाणार, हे त्या डब्यावर अवलंबून होतं.

आता अंड्यांवर बसणारी खुडूक कोंबडी हवी. ती होती माझ्या मोठ्या जावेकडे. आमची घरं वेगळी होऊन बरीच वर्षं झाली, पण ओटा अजून एकच आहे आणि मधल्या भिंतीतून शिंकसुद्धा ऐकू जाते. आमच्याकडे खुडूक कोंबडी मागून नेण्यात कुणाला संकोच वाटत नाही. पिल्लं निघाली की कोंबडी परत करायची आणि बरोबर एखाद-दुसरं पिल्लू द्यायचं, एवढंच. मी गेले, म्हणाले, ताई, पिल्लं निघेपर्यंत कोंबडी देता का? ती म्हणाली, ने. बदकाची अंडी आहेत हे मी सांगितलं. अठ्ठावीस दिवसांचं बोलले नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं हजार शंका काढल्या असत्या, आणि तिच्या शंका ऐकायला मला वेळ नव्हता.

ओट्याच्या कोपऱ्यात टोपलीत पेंढा घातला, अंडी मांडली, कोंबडी बसली. चौथ्या दिवसापासून मी कोमट पाण्यात हात बुडवून अंड्यांवरून फिरवायला लागले आणि जावेनं ते पाहिलं.

"अगं, अंडी भिजवते काय? नासवशील सगली!"

मी समजावलं. तिनं मान हलवली आणि दुपारपर्यंत अख्ख्या आळीत बातमी. मग काय, देवळाकडे जाणारी प्रत्येक बाई ओट्यापाशी थांबून विचारणार, "काय गं, अंड्यांची आंघोळ झाली काय? साबन लावला का नाय?" आणि हसणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. या बायकांच्या घरी दर वर्षी निम्मी कोंबडीची पिल्लं मुंगूस नेतं, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मी एक नवी गोष्ट करायला निघाले तर सगळ्यांना हसू फुटतं. नवरासुद्धा त्यांच्यातलाच. जेवताना म्हणाला, कंपनीत सांगितलं, सगळे हसले. कंपनीत सांगायची काय गरज होती?

बाविसाव्या दिवशी सकाळी जाऊ येऊन उभी राहिली.

"एकवीस झाले. एका अंड्याला चीर नाय. कोंबडी दे माझी."

"अजून सात दिवस आहेत, ताई. बदकाला अठ्ठावीस लागतात."

"सात? आन हे मला आज सांगते?" तिनं कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. "हाडां लागतात हाताला. नासक्या अंड्यांवर बसवून मारते काय तिला?"

नासक्या! मी रोज हातानं तांदूळ भरवत होते त्या कोंबडीला. मी आतून मोबाइल आणला, टॉर्च लावला, ओढणीचा आडोसा करून एक अंडं त्यावर धरलं. अंडं सगळं काळं दिसलं, फक्त जाड टोकाला थोडा उजेड.

"बघा, भरलंय," मी म्हणाले.

"कालं म्हंजे नासलेला," ती म्हणाली.

दुसरं धरलं, तेही तसंच. मी म्हणत होते भरलेलं, ती म्हणत होती नासलेलं, दोघींचे आवाज चढत होते आणि ओट्याखाली तीन बायका येऊन उभ्या होत्या. त्यातली एक हसली. जावेनं कोंबडी उचलून काखेत मारली. टोपलीत आठ अंडी उघडी पडली, आणि माझं डोकं फिरलं. बावीस दिवसांचं हसू, सल्ले, माना हलवणं, सगळं एकदम वर आलं. मी त्यातलं एक अंडं उचललं.

"नासलंय ना? मग बघा! डोळे उघडून बघा!"

आणि ओट्याच्या कडेवर फोडलं.

माझं खरं होतं. पिल्लू पूर्ण होतं. चोच, नखं, पंज्यांमधली पातळ कातडी, अंगावर ओली पिवळी लव. पोटाशी बलक अजून तसाच लटकत होता, त्यावर रक्ताच्या बारीक शिरा. ते माझ्या तळहातावर होतं. चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आवाज नव्हता.

कुणी हसलं नाही. एक बाई "अरे देवा" म्हणाली आणि तिघी निघून गेल्या.

जावेनं कोंबडी हळूच परत टोपलीत ठेवली, सात अंड्यांवर. मग माझ्या हातातलं पिल्लू घेतलं, पदरात गुंडाळलं आणि कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं. आम्ही दोघी तिथेच बसलो. चूल पेटायची होती, नवऱ्याचा डबा व्हायचा होता, पण उठवेना. मी तिचा पदर बाजूला करून पाहिलं तेव्हा ते थंड झालं होतं. मी वांग्याच्या वाफ्याजवळ खड्डा केला, तिनं माती लोटली.

मला वाटत होतं आता ती बोलेल. बोलायलाच हवं होतं. चार बायकांसमोर मी मूर्खपणा केला होता, तिनं मला फाडून खाल्लं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"कोंबडी राहू दे," ती म्हणाली. "मी येऊन तिला चारीन, तुला जमत नाय. पन मला पैल्याच दिशी अठ्ठावीस सांगितले असते तं मी अठ्ठावीस ठेवली असती. आपल्या घरातलीच तं होती."

बाकीच्या सात अंड्यांतून सहा पिल्लं निघाली, आज ती वाफ्यात गोगलगायी शोधत फिरतात, आणि लोक मला विचारायला येतात की सुरुवात कशी केली. मी पेंढा सांगते, कोमट पाणी सांगते, दिवस सांगते. त्या सकाळी मात्र तिचं ते बोलणं ऐकून मला तिचा पुन्हा रागच आला, कारण तिच्यावर धरला नसता तर राग धरायला आता तिथं माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.