भेगेच्या काठावरच्या खुंट्या

“आधी अटक करा, मग बोला!” खाणीचा मॅनेजर आमच्या ठाण्यात ओरडत होता. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या दिवशी तो कॅसलरॉक रेल्वे स्टेशनच्या फलाटावरही ऐकू गेला असणार.

उघड्या खाणीच्या वरच्या कडेला जमिनीला भेग पडली होती. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून खाणीचे मोजणीवाले रोज मधलं अंतर मोजत. अंतर वाढलं की कडा सरकतेय असं समजून खालची माणसं बाहेर काढायची. वीस दिवस माप जसंच्या तसं होतं. पण त्या सकाळी मॅनेजरला खुंटीशेजारी जुनी भोकं दिसली. कुणीतरी खुंट्या उपटून पुन्हा ठोकत होतं. त्याचा संशय शेजारच्या गुंद गावच्या पोरांवर. त्यांचा खाणीला विरोध होता.

स्टेशन डायरीत नोंद करून मी जीप काढली. माझी जीप पाहून त्या रानातले गवेसुद्धा वाट सोडत. पण खाणीजवळ एक म्हशीवाली म्हातारी जागची हलेना. पोरांचं नाव काढताच म्हणाली, “पोरं कशाला वर चढतील? खाणीचा वाचमनच रोज सकाळी ठोकत असतोय.”

वाचमन कुंभारवाडा गावचा, पन्नाशीचा. त्याला समोर बसवून मी मिशीवर ताव दिला. या मिशीपुढं लोकांनी न केलेले गुन्हेही कबूल केलेत. यानं मात्र शांतपणे खिशातून गाठी मारलेली दोरी काढली.

“व्हय, मीच ठोकतो. मोजणीवाल्यांनी बजावलंय, खुंट्या हलल्या तर तुझी नोकरी जाईल. रोज बघतो तर त्या लांब गेलेल्या. मग दोरीच्या गाठींइतकं पहिलं अंतर धरून जागेवर आणतो.”

“किती लांब?”

“आधी बोटभर. आज वीतभर. आता खुंटी भेगेच्या काठाला आलीय साहेब, उद्या ठोकायला जागा न्हाई.”

चौकशी तिथंच संपली. खाली चौदा माणसं राबत होती. मी अशी शिट्टी फुंकली की पोकलेनवाला जेवणाचा डबा टाकून पळाला. शेवटचा माणूस वर आला, आणि तासाभरात अख्खी कडा त्या पोकलेनवर बसली.

संध्याकाळी पंचनामा केला, पण कलम सापडेना. खोटं बोलणारा मला बसण्यावरून कळतो. हा तर जीव तोडून, इमानानं चुकीचं काम करत होता. अशा वेळी हुकूम देणाऱ्याची चौकशी आधी करावी, हे मी त्या खाणीवर शिकलो.

निघताना मी वाचमनला झापलं, “अरे बाबा, चौदा जण गाडले गेले असते.”

तो दोरी गुंडाळत म्हणाला, “खुंट्या कशाला हायत, ते मला कुणी सांगितलंच न्हाई.”