नवमीचं पान

रोज सकाळी शिलाई मशीनवर बसण्याआधी सुगंधा मागच्या दारच्या पायरीवर बसायची आणि वाटीभर कोमट पाणी चमच्याने प्यायची. एक चमचा, मग थांबणं. पाणी छातीच्या हाडामागे क्षणभर अडायचं आणि बारीकसा आवाज करत खाली उतरायचं. तो आवाज तिला एकटीलाच ऐकू येई. तो आला की दुसरा चमचा. वाटी संपायला पंधरा मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात नवऱ्याची, सुदेशची, बंदरावर जायची घाई असो की नळाला आलेलं पाणी, कशासाठीही ती उठत नसे.

जामसंड्यात सुगंधा कोयंडे दोन गोष्टींसाठी ओळखली जायची. एक तिचं शिवणकाम. शाळेच्या अर्ध्याअधिक मुलांचे गणवेश तिच्या मशीनवरून गेलेले. दुसरं तिचं जेवण. सुगंधा पानावर बसली की वाढणारीला हुरूप यायचा. वड्यांची चळत, काळ्या वाटाण्याचं सांबार, वर दोनदा खीर, आणि प्रत्येक पदार्थाला नावाजून खाणं. त्यामुळे पितृपक्षात नवमीला तिला मोठी मागणी. नवरा मागे ठेवून गेलेल्या बायकांच्या नावाने त्या दिवशी सवाशीण जेवायला घालतात. सवाशीण जेवली म्हणजे गेलेली जेवली. मग सवाशीण पोटभर जेवणारी असली तर कोणाला नको आहे?

अकरा वर्षं ती नवमीला एकाच घरी जात होती. शेजारच्या भिकाजी धुरतांकडे. त्यांची बायको गोदूबाई हिने जाण्याआधी सुगंधाचं नाव घेतलं होतं. घेतलं म्हणजे पाटीवर लिहिलं होतं, कारण बोलणं तेव्हा बंद झालेलं. घशाचा आजार. शेवटचे तीन महिने नाकातल्या नळीतून जे जाईल ते. जन्मभर दुसऱ्यांना वाढून खायला घालणारी बाई पेजेच्या घोटाला महाग होऊन गेली. म्हणून दर नवमीला भिकाजीकाका सुगंधासमोर पाट घेऊन बसत आणि तिच्या पानाकडे बघत. ती दुसऱ्यांदा खीर मागायची, तेव्हा ते उठून हात धुवायला जायचे. एरवी एस.टी.चा हा निवृत्त ड्रायव्हर कोणासमोर डोळे पुसणाऱ्यातला नव्हे.

पण सुगंधाचे गुडघे हे जेवण सोसणारे नव्हते. चाळिशी ओलांडली तेव्हा काटा एकशे चौदावर होता आणि मशीनचं पायडल मारताना डावा पाय रडायचा. शेवटी गेल्या वर्षीची नवमी झाल्यावर तिने गोव्याला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. जठराच्या वरच्या भागाला एक पट्टा आणि बरगडीखाली कातडीच्या आत बटणाएवढी एक डबी. डबीत सुई टोचून पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. गिऱ्हाइकांनी विचारलं की ती सांगायची, "पोटाक नाडी घातलंय गो. परकराक असता तशी."

नऊ-दहा महिने ठीक गेले. वीस किलो उतरले. मग वजन एका जागी अडलं, म्हणून श्रावणात डॉक्टरांनी पट्टा आणखी थोडा आवळला, आणि तिथून बिनसलं.

भात अडू लागला. भाकरी अडू लागली. घास छातीत दगडासारखा बसायचा, तोंडाला पाणी सुटायचं, आणि ती काहीतरी निमित्त काढून विहिरीमागे जायची. रोज एकदा, कधी दोनदा. चतुर्थीला मोदकाचा एक तुकडा खाऊन ती तिकडे गेली तेव्हा सुदेशने पाहिलं.

"डॉक्टराक फोन कर," तो म्हणाला.

"कित्याक? पट्टो काम करता हा."

तिला खरंच तसं वाटत होतं. काटा पुन्हा खाली सरकत होता. टेप लावली की कंबर दर आठवड्याला बोटभर कमी भरायची. घशाखाली जे उतरत होतं तेवढ्यावर ती दिवस काढत होती. खीर, पेज, चहात विरघळवलेली खारी. उलटी ही त्याची किंमत आहे, असं तिने स्वतःलाच समजावलं होतं.

गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भिकाजीकाका नवमीचं आमंत्रण घेऊन आले. पडवीत बसले. सुगंधाकडे नीट बघून म्हणाले, "सुकलंस गो. बरा आसा मा?"

"बरा आसा काका. फक्त पूर्वीसारख्या जेवक जमाचा नाय यंदा."

"म्हणजे?"

तिने नाडीचं सांगितलं. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, पण त्याचा नवमीशी काही संबंध असेल हे मनात आलं नव्हतं. ते म्हणाले, "मगे सोड ती नाडी. एक दिवस. नवमी झाली की बांध परत."

ऐकायला हसू येण्यासारखं होतं, पण सुगंधाला ते पटलं. परकराची नाडी सोडता येते, मग ही का नाही? चार दिवसांनी ती पहाटेच्या गाडीने कणकवलीला गेली, तिथून गोव्याची गाडी धरली, आणि दुपारी डॉक्टरांच्या समोर बसून म्हणाली, "पंधरा दिवसांसाठी पट्टा सैल करून द्या. सर्वपित्री झाली की पुन्हा आवळा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कशासाठी?"

तिने सांगितलं. ते हसले नाहीत. काय खाता, किती खाता, उलटी होते का, असं एकेक विचारत गेले. रोज होते म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"रोज? आणि तुम्ही कळवलं नाहीत?"

"वजन उतरत होतं ना."

"उपाशी माणसाचं वजन उतरतंच. पट्टा जास्त आवळला गेलाय. सगळं काम खिरीवर आणि चहावर चाललंय तुमचं. असंच चाललं तर पट्टा जागचा सरकेल."

बाजूला सुईची तयारी करणारी नर्स सावंतवाडीची होती, तन्वी नावाची. ती हळूच म्हणाली, "काकी, गिऱ्हाइकाचो ब्लाउज तुमी इतको घट्ट शिवतास?"

"नाय गो. उसवता तो," सुगंधा म्हणाली.

"सगळं पाणी काढता येईल," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर आत्ता. काढू?"

टेबलावर आडवी पडून तिने छताकडे पाहिलं. सगळं काढलं तर नवमीला पान साफ करता येईल, आणि दशमीलाही, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी. ती स्वतःला ओळखून होती. याच उन्हाळ्यात नणंदेच्या मुलांबरोबर ती विजयदुर्गाच्या तटावर गेली होती, मध्ये कुठेही न बसता. वर उभं राहून तिने मुलांना पाणी वाटलं होतं. पूर्वी ती खाली गाडीत बसून चपला सांभाळायची.

"नको," ती म्हणाली. "उलटी थांबेल तेवढंच काढा."

दोन दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं. नखाएवढा घास. चावून चावून त्याचं पीठ झाल्याशिवाय गिळायचं नाही. जेवताना पाणी नाही. छातीत जड वाटलं की तिथेच थांबायचं, पुढचा घास त्यावर ढकलायचा नाही. तन्वीने हे सगळं कागदावर लिहून दिलं. सुगंधाने तो कागद मशीनच्या वर, मापांच्या वहीशेजारी टाचणीने लावला.

परत आल्यावर ती आधी भिकाजीकाकांकडे गेली.

"काका, नाडी सोडूक नाय. वायच सैल केली. मी येतलंय नवमीक, बसतलंय, खातलंय. पण एखादो वडो आणि दोन चमचे खीर, इतक्याच."

काका आंब्याच्या रिकाम्या पेटीला खिळा ठोकत होते. हातोडी थांबली. "एक वडो. म्हणजे माझी बायल उपाशी ऱ्हवतली."

"तसा नाय काका."

"मगे कसा? तुझ्या पोटाचा तोंड बांधल्यान गोंयच्या डॉक्टरान, आणि तू पैसे देवन बांधून घेतलंस. तिचा तोंड बांधताना तिका कोणी इचारूक नाय." आवाज चढला होता. आतून त्यांची सून रिया दारात आली. काका पुन्हा ठोकू लागले. "मी खालच्या वाडयेतल्या काशीबाईक सांगतंय. ती जेवता बरी."

सुगंधाला रडू येणार होतं, पण राग आधी आला. "सांगा काशीबाईक. पण पाटयेर नाव कोणाचा होता ता तुमका म्हायती आसा. काकीन सुगंधा लिवल्यान. किती वडे ता लिवूक नाय."

ती निघून आली. चार दिवस धुरतांच्या घरून ना कोणी आलं, ना हाक आली. काशीबाईला बोलावणं गेलं की नाही, तेही तिने कोणाला विचारलं नाही. नवमीला तिने डोक्यावरून आंघोळ केली, हिरवं लुगडं नेसली, कपाळ भरून कुंकू लावलं आणि साडेबाराला धुरतांच्या पडवीत जाऊन उभी राहिली. सुदेश म्हणाला होता, परत पाठवतील. ती म्हणाली होती, तोंडावर सांगून पाठवूदेत.

पाट एकच मांडलेला होता. काशीबाई कुठे दिसत नव्हती. काकांनी बोटाने पाट दाखवला. रियाने पान मांडलं आणि सुगंधाने पाहिलं, काहीही कमी केलेलं नव्हतं. पाच वडे, सांबार, भोपळ्याची भाजी, अळू, काकडीची कोशिंबीर, खिरीची वाटी.

"काका, मी सांगलंय होता..."

"पान भरलेला व्हया," काका समोर बसत म्हणाले. "खाणा तुझ्या हातात."

सवाशीण उठेपर्यंत घरातलं कोणी जेवत नाही. पूर्वी सुगंधाला वीस मिनिटं पुरायची. आज वीस मिनिटांत अर्धा वडाही झाला नव्हता. ती नखाएवढा तुकडा तोडी, तोंडात घाली, हात मांडीवर ठेवून चावत राही. बाहेर कावळ्याने आपला वाटा केव्हाच उचलला होता. रियाची आठ वर्षांची तेजस्वी खांबाला टेकून वड्यांच्या परातीकडे बघत होती.

"आये, भूक लागली."

"गप ऱ्हव."

"पण ती खायतच नाय. नुसती चावता."

काकांनी मान वळवली. "तुझी आजी," ते नातीला म्हणाले, "माझी विजयदुर्ग गाडी थांबवायची. हंय, नाक्यार. डबो घेवन यायची आणि म्हणायची, आधी एक घास खा, मीठ बरोबर आसा काय सांग, मगे गाडी सोड. पन्नास माणसां गाडयेत. कंडक्टर घंटी मारून दमायचो."

"मगे तुमी काय केलास?"

"काय करतलंय? खाल्लंय. मीठ जास्त होता. तरी बरोबर आसा म्हणून सांगलंय."

तेजस्वी हसली. सुगंधाही हसली, आणि त्या हसण्यात तोंडातला घास पुरता चावून न होता गिळला गेला.

तो अडला. छातीच्या हाडामागे, नेहमीच्या जागी. तोंडाला पाणी सुटलं. तिने पाठ ताठ केली. श्राद्धाच्या पानावरून अर्ध्यात उठायचं नसतं, आणि हा घास वर आला तर त्या पानाशेजारीच येणार. पाण्याचा तांब्या हातभर अंतरावर होता. पाणी वर ओतलं की काय होतं, हे तिला विहिरीमागच्या सगळ्या दुपारींनी शिकवलेलं होतं. तिने तांब्या लांब सारला.

समोर काकांचा चेहरा पांढरा पडत गेला. ते अर्धवट उठले. त्यांनी हा चेहरा पूर्वी गोदूबाईचा पाहिला होता, घास आत आहे आणि जात नाही असा चेहरा, आणि त्यानंतर तीन महिने नळी.

"रिया, पाणी... सुगंधा, ऊठ गो. ऊठ. माका नको ह्या. ऊठ तू."

तिने हाताने त्यांना बसायची खूण केली. बोलता येत नव्हतं. खांदे सैल सोडले, नाकाने श्वास घेतला, सोडला. पडवीत सगळे उभे. चुलीवर कढीला उकळी आल्याचा आवाज तेवढा येत होता. एक मिनिट गेलं, की तीन, कोण जाणे. मग हाडामागे काहीतरी हललं, बारीकसा आवाज झाला, आणि वाट मोकळी झाली.

"उतरलो," ती म्हणाली. कपाळावरचं कुंकू घामाने खाली आलं होतं. "काका, बसा. माझा उतरता. वेळ लागता, पण उतरता. काकीचा तसा नव्हता. ह्या वेगळा आसा."

काका बसले. तांब्या त्यांनी तिच्यापासून आणखी लांब सरकवला. म्हणाले, "खरा मा?"

"खरा. आता अर्धो तास मी काय खायत नाय. पण उठत पण नाय. तुमी पानां मांडा, जेवा सगळी."

"सवाशीण बसलेली आसताना?"

"तेजस्वी किती वेळ उभी ऱ्हवतली? मांडा."

रियाने सासऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. सुगंधाच्या दोन्ही बाजूंना पानं पडली. काका तिच्या समोरच जेवायला बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका पंगतीला आली. तेजस्वीने चार वडे खाल्ले. काका हळूहळू जेवले, मधूनच सुगंधाच्या गळ्याकडे नजर टाकत. अर्ध्या तासाने तिने पुन्हा सुरुवात केली. राहिलेल्या वड्यातले दोन तुकडे, थोडा भोपळा, शेवटी खिरीचे दोन चमचे. तिला आणखी एक चमचा हवासा वाटला. तिने वाटी पुढे सरकवून ठेवली.

पानात साडेचार वडे उरले होते. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"रिया," सुगंधा म्हणाली, "झाकणाचो एक डबो दी गो माका. हे घेवन जातंय, उद्या परवा खातलंय. आणि दोन वड्यांच्या मधी पानाचो तुकडो घाल, नायतर चिकाटतत."