एकमेकांचं प्रूफ

दोघांनी एकाच दिवशी मजकूर आणून टाकला. दोन्ही कागदांवर वर मोठ्या अक्षरांत एकच नाव, 'सभासद वार्ता'. बबनराव सकाळी कंपनीत जाताना देऊन गेले आणि म्हणाले, "वहिनी, ह्योच खरा अंक. दुसरा कुनी आनला तर घेऊ नका." दुपारी कामावर जाताना गायकवाड आले. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त शुद्ध मराठीत.

मी दोघांनाही चहा दिला. अशा वेळी दुसरं काय करणार?

कासारवाडीला स्टेशनच्या अलीकडे माझा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक खोली, एक ट्रेडल आणि खिळ्यांचे कप्पे. ट्रेडल हे पायानं चालवायचं छपाईचं मशीन. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान बांधायचं, याला कंपोझिंग म्हणतात. माझे वडील सोलापूरला कंपोझिटर होते, त्यांच्या हाताखाली मी शिकले. आमचे हे कंपनीत मिलिंग मशीनवर. त्यामुळे छापखान्याची मालकीणही मी आणि कामगारही मीच. पगारवाढ मागायची सोय नव्हती.

पक्षाचं नाव सांगत नाही. लहान पक्ष होता, आणि दोन्हीकडची माणसं अजून भेटली की थांबून बोलतात. 'वार्ता' पक्षाच्या आमच्या भागातल्या सभासदांसाठी महिन्यातून एकदा निघायची. चार पानं. पहिली तीन पानं पक्षाची. ठराव, भाषणं, निषेध, जाहीर निषेध, तीव्र निषेध. चौथं पान सभासदांचं. पिंपळे गुरवला खोली रिकामी आहे, रक्त हवंय, सायकल विकायची आहे, मुलगी अकरावी पास आहे. अंक हातात पडला की माणसं आधी तो उलटा करायची. हे पुढाऱ्यांना माहीत होतं, पण कबूल करायला कोण तयार होणार?

भांडण नगरपालिकेच्या निवडणुकीवरून होतं. एका मोठ्या पक्षाशी युती करायची की नाही, एवढीच गोष्ट. बबनराव म्हणत करा, गायकवाड म्हणत मुळीच नाही. बबनराव पिंपळे गुरवचे, जुन्या शेतकरी घरातले, कंपनीत टर्नर. गायकवाड संत तुकाराम नगरात राहायचे, त्याच कंपनीत क्वालिटीला. एकाची फर्स्ट शिफ्ट तर दुसऱ्याची सेकंड. त्यामुळे बैठक सोडली तर समोरासमोर भेट अशी होतच नव्हती. हा काय म्हणाला ते त्याला तिसरा सांगायचा, आणि सांगताना पदरचं मीठ-मिरची घालायचा.

शेवटी पुण्याच्या कार्यालयातून निरोप आला. गुरुवारच्या बैठकीत एकमत करा, नाहीतर 'वार्ता' बंद. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही, म्हणून बैठका गुरुवारीच व्हायच्या.

'वार्ता' बंद झाली असती तर मी काही उपाशी मरणार नव्हते. लग्नपत्रिका होत्या, बिलबुकं होती. पण चौथ्या पानाचं कंपोझिंग करून मी बाजूला बांधून ठेवलं होतं, आणि त्यात दामू पवारची जाहिरात होती.

दामू परभणीकडचा. पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर काम करताना त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकानं हिशेब करून घरी पाठवलं. बायको, दोन लेकरं, भाड्याची खोली. पुण्याच्या पेपरात जाहिरात देऊन काय उपयोग? 'वार्ता' गेटवर वाटली जायची, फोरमनपासून हेल्परपर्यंत हातोहात फिरायची. दामूला काम लागायचं तर त्यातूनच लागणार होतं. तो रोज यायचा आणि दारातूनच विचारायचा, "निघाला का अंक, वहिनी?"

"नाही रे अजून."

"बसून खायला लाज वाटायलीय," म्हणायचा आणि आत येऊन डाव्या हातानं कागद लावून द्यायचा. नको म्हटलं तरी ऐकायचा नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, छापून टाकायचं ना एकाचं. छापलं असतं. पण ज्याचा अंक छापीन त्याची मी झाले असते. मग दुसऱ्याच्या माणसांनी तो हातात धरला नसता, आणि दामूची जाहिरात निम्म्या लोकांपर्यंत पोचलीच नसती. शिवाय त्या दोघांपैकी एकाला मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

माझं ट्रेडल ट्रकमधून आलं तो दिवस मी विसरणार नाही. ड्रायव्हरनं ते रस्त्याच्या कडेला उतरवलं आणि निघून गेला. लोखंडाचं धूड, आम्ही दोघं नवरा-बायको आणि वर भरून आलेलं आभाळ. तेवढ्यात फर्स्ट शिफ्ट सुटली. बबनराव सायकलवरून चालले होते. ओळख ना पाळख. उतरले आणि म्हणाले, "ह्ये असं कसं ऱ्हाईल?" कुठून तरी पाइपचे तुकडे आणले, पहार आणली, चार माणसं थांबवली. त्यात गायकवाड होते. मशीनखाली पाइप टाकत टाकत त्यांनी ते गडगडत आत नेलं. गायकवाड दुसऱ्या दिवशी स्पिरिट लेव्हल घेऊन परत आले आणि फरशीवर गुडघे टेकून मशीन अगदी सपाटीत बसवून दिलं. म्हणाले, "वाकडं बसलं तर छपाई वाकडी येईल, वहिनी." चहाशिवाय कुणी कशाला हात लावला नाही. या गावात आमचं कोणी नव्हतं, ते त्या दिवशी झालं. हे ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात पक्कं होतं.

म्हणून मी दोघांचेही मजकूर कंपोझ केले. बोटांना काय, लावा म्हटलं की लावतात. मग दोघांनाही निरोप धाडला, गुरुवारी सकाळी प्रूफ तपासायला या. प्रूफ म्हणजे छापण्याआधीचा कच्चा कागद. तो तपासायला दोन माणसं लागतात. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसऱ्यानं प्रूफावर बोट ठेवून चुका काढायच्या. माझ्या वडिलांचा हा नियम, तोच माझा. वाचून झाल्याशिवाय पान मशीनवर चढायचं नाही. वाचायचं काम नेहमी आमचे हे करायचे. त्या गुरुवारी नेमका त्यांना ओव्हरटाइम लागला.

दोघं आले. एकमेकांना बघून दोघांचीही तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. माझे हात शाईत बरबटलेले. मी म्हटलं, "वाचायला कोणी नाही. तुम्हीच वाचा एकमेकांचं."

"मी ह्यांचं वाचू?" बबनराव म्हणाले.

"मग ठेवा. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

दामू कागदाच्या रिमांवर बसला होता. दोघं बाकावर दोन टोकांना बसले. बबनरावांनी गायकवाडांचा मजकूर घेतला आणि सुरुवात केली.

"'बबनराव व त्यांची टोळी, स्वल्पविराम, जी काल जमिनी विकत होती, स्वल्पविराम, ती आज पक्ष विकायला निघाली आहे, पूर्णविराम.'" ते थांबले. "ह्ये तुमी लिवलंय?"

"पुढे वाचा," गायकवाड म्हणाले. नजर प्रूफावरच.

"वाचतो की. टोळी नीट छापलीय का बगा, ऱ्हायला नगं." कंपनीसाठी बबनरावांच्या घरची जमीन गेली तेव्हा त्यांचे वडील बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, हे साऱ्या पिंपळे गुरवला माहीत होतं. गायकवाडांनाही माहीत असणार. त्यांची पेन्सिल जागच्या जागी थांबली.

मग पाळी गायकवाडांची. त्यांचा आवाज सभेचा, खणखणीत. "'पोटासाठी बाहेरून आलेल्या उपऱ्यांनी, स्वल्पविराम, गावकऱ्यांना पक्ष शिकवू नये, पूर्णविराम.'" बबनराव प्रूफाकडे बघतच नव्हते. गायकवाड म्हणाले, "सापडली का ओळ? का परत वाचू?"

आणि त्यांनी परत वाचलं. तितक्याच खणखणीत.

दामू रिमांवरून उठला. "मी भाईर थांबतो," म्हणाला.

"बस रे गपगुमान," बबनराव म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, ह्ये तुमच्यासाठी न्हाई. दामूसाठी बी न्हाई."

"मी सोलापूरची. दामू परभणीचा. गायकवाडांचे वडील नगरकडून आले. या खोलीत तुम्हाला सोडलं तर सगळे उपरेच आहेत, बबनराव. तुम्ही कोणासाठी लिहिलंय ते वाचणाऱ्याला कसं कळणार?"

मी चौथ्या पानाचं प्रूफ पुढे केलं आणि म्हटलं, हेही वाचून टाका. बबनरावांनी दामूची जाहिरात वाचली. तीन बोटं, नऊ वर्षांचा अनुभव, स्टोअर, गेट, हजेरी, मिळेल ते काम करीन. वाचून दामूच्या हाताकडे बघितलं. दामूनं हात सवयीनं खिशात घातला.

"ह्ये कवा छापायचं?"

"तुमचं ठरेल तेव्हा."

"आमचं ठरंस्तोवर ह्यानं काय खायाचं?"

आता माझा पारा चढला. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. "हे मला विचारता? हे मशीन रस्त्यावर पडलं होतं तेव्हा युती करायची का नाही ते ठरवून मग हात लावलात का? तेव्हा मी गावची का उपरी ते विचारलंत? माझं छप्पर तुम्ही दोघांनी उभं केलंत. त्याच छपराखाली बसून हे असलं वाचून घ्यायची वेळ माझ्यावर आणू नका." मी तोंड फिरवून रोलर पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता.

मागून पेन्सिलीचा आवाज आला. गायकवाडांनी टोळीसकट ते सगळं वाक्य खोडलं होतं. म्हणाले, "जमिनीचं लिहायला नको होतं." बबनरावांनी पेन्सिल मागितली आणि उपऱ्यांचं वाक्य खोडलं. मग सौदा सुरू झाला.

"वर दलाल ऱ्हायलाय."

"तुमच्यात आयतोबा आहे."

"आयतोबा असूं द्या की. ती काय शिवी हाय व्हय?"

"मला वाचताना शिवीच वाटली."

आयतोबा गेला. दलाल गेला. दोघांच्याही मजकुरातून शिव्या वजा केल्यावर जे उरलं ते इतकं थोडं होतं, की एकाच पानावर शेजारी शेजारी बसलं. डावीकडे युती का हवी, उजवीकडे युती का नको. गंमत म्हणजे पहिल्यांदाच कोणाचं काय म्हणणं आहे ते मला कळलं.

दुपारी बैठक झाली. मला बोलावलं होतं. पुण्याचे साहेब आले होते, त्यांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी विचारलं, "झालं एकमत?"

"न्हाई," बबनराव म्हणाले. "पर पान लागलंय."

"म्हणजे?"

गायकवाडांनी सांगितलं. 'वार्ता' एकच राहील. दोन्ही बाजू पहिल्या पानावर. ज्याचा मजकूर त्यानं प्रूफ धरायचं आणि विरोधकानं तो मोठ्यानं वाचायचा, वहिनींच्या समोर. चौथ्या पानाला कोणीही हात लावायचा नाही. साहेब म्हणाले, असं कुठल्या पक्षात नसतं. बबनराव म्हणाले, नसंल. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मंजूर म्हणून टाकलं.

संध्याकाळी ट्रेडलवर पाय बबनरावांनी मारला. दामूनं कागद मोजून दिले. शुक्रवारी अंक गेटवर होता.

जाहिरात वाचून गायकवाडांच्या गटातला एक टूलरूमचा माणूस छापखान्यात आला. त्याच्या ओळखीनं चाकणकडच्या एका शेडमध्ये दामूला स्टोअरकीपर म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी त्याला तिथं सोडायला मोटारसायकल घेऊन कोण गेलं? बबनराव. मला कोणी सांगितलं नव्हतं. दामूनंच पेढे देताना सांगितलं. पुड्याची गाठ त्याला एका हातानं सुटेना. ती मी सोडली आणि पहिला पेढा त्याच्याच तोंडात घातला.

आता कोणी म्हणेल, बाईंनी पक्ष वाचवला. छे हो. पक्ष पुढच्याच वर्षी फुटला. दोन कार्यालयं झाली, दोन फलक लागले. 'वार्ता' मात्र एकच निघत राहिली, कारण ती फोडायची तर चौथं पान कोणाकडे जाणार, हे कोणालाच ठरवता येईना. आणि दर महिन्याला एका गुरुवारी दोन पक्षांचे दोन पुढारी माझ्या बाकावर बसून एकमेकांचं वाचत राहिले. काही महिन्यांनी मी पाहिलं, ते दोघं घरूनच खोडून आणायला लागले होते.

पुढे आम्ही छापखाना पलीकडच्या मोठ्या जागेत हलवला. मशीन हलवायला माणसं बघावी लागणार, असं आमचे हे म्हणत होते. सकाळी दार उघडलं तर बाहेर पाइपचे तुकडे घेऊन बबनराव उभे, आणि त्यांच्या मागे स्पिरिट लेव्हल घेऊन गायकवाड. दोघांचे केस आता माझ्यासारखेच पांढरे व्हायला लागलेले. मी नुसते हात जोडले.

"हात कसले जोडताय," बबनराव म्हणाले. "च्या टाका."

धंद्यातून शिकले ते एवढंच. लिहिताना माणूस कोणालाही काहीही म्हणतो, म्हणून छापण्याआधी समोरच्याकडून वाचून घ्यावं. आणि चहाचं आधण आधीच ठेवावं.