अंगठ्याखाली लपवलेला देश

दुपारचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहून टाकते.

दुपारी एसटीनं अमरावतीहून अकोल्याला येत होते. हातात पाकिस्तानी लेखिकांच्या कथांचा मराठी अनुवाद होता. शेजारच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, "काय वाचून राहिल्या ताई?"

"कथा."

"कोनाच्या?"

मुखपृष्ठावरच्या 'पाकिस्तानी' या शब्दावर माझा अंगठा आपोआप गेला. "आशियाई," मी म्हटलं.

"म्हंजे कोनते लोक?"

"आपणच की काका. आपणही आशियाईच."

"आमी तं वऱ्हाडी बा!" ते मोठ्यानं म्हणाले. पुढचे दोघे वळून हसले. एकाच्या हातात मोबाइल होता. तो माझा फोटो काढतोय असं सारखं वाटत राहिलं. त्यानंतर एक ओळ वाचली असेल तर शपथ!

मूर्तिजापूरला उतरताना काका वाकले आणि हळूच बोलले, "अंगठा काढा आता. म्या बसल्याबरोबरच वाचलं होतं. पुस्तकाले कव्हर घालत जा."

ही काळजी होती की दम? तुम्हीच सांगा, मला कळत नाहीये.

घरी आल्या आल्या मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, शाळेत घालायचो तसंच. त्यावर स्वतःचं नाव लिहायची मात्र हिंमत झाली नाही.