लग्नाचा अल्बम आणि माझं ऑपरेशन

राग थंड व्हायच्या आत लिहितेय.

गेल्या काही वर्षांत माझं नाक, जबडा, हात वाढतच गेले. अंगठी कापून काढावी लागली, चपला पुरुषांच्या घालते. कडेगावात बायका मागून 'पैलवान' म्हणतात. सासूबाई म्हणतात, "बसून खाऊन सुटलीय." डोकं ठणकायचं, त्याकडं कुणी बघितलंच नाही.

विश्रामबागेतल्या डॉक्टर मॅडमनी जुने फोटो मागितले होते, म्हणून आज लग्नाचा अल्बम नेला. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं. म्हणाल्या, "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तुमच्या एमआरआयमध्ये तिथं गाठ दिसतेय. तिच्यामुळंच अंग वाढतंय, शुगरपण. आता ती डोळ्यांची नस दाबतेय. ऑपरेशन लवकर करा."

आमच्या ह्यांनी अल्बम पुढं सरकवला. "आवं मॅडम, ऑपरेशन केल्यावर ही परत अशी दिसंल का?"

"नाही. वाढलेली हाडं तशीच राहतात. पण नजर वाचेल."

"मग उपयोग काय त्येचा?"

मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

एसटीत ह्यांनी अल्बम मांडीवर धरला होता. माझे रिपोर्ट माझ्याकडं.

मैत्रिणींनो, जोडवी, अंगठी, चपला उगाच घट्ट व्हायला लागल्या तर तपासून घ्या. नवऱ्याच्या परवानगीची वाट बघणार आहात का?

मी ऑपरेशनची तारीख घेतलीय, भावाला बोलावलंय. फोटोतली बाई ह्यांना लखलाभ. मला माझे डोळे पाहिजेत. ह्यांचं तोंड एकदा नीट बघायचंय.