रावेतच्या जावयाचे हँडबिल

पुण्यातल्या एका ऑइल इंजिनच्या व्यापाऱ्याकडे मी काही महिने गिऱ्हाइके मिळवण्याचे काम केले. त्याआधी एका दैनिकात प्रुफे तपासत होतो. ज्याला बातमी कळते त्याला जाहिरातही कळेल, असा व्यापाऱ्याचा समज होता.

तोवर त्याचे एकच हँडबिल सगळीकडे जाई. त्यावर कोट-टोपीतला एक शहरी गृहस्थ इंजिनाकडे बोट दाखवत उभा असे. चाकणच्या बाजारात लोक त्यात तंबाखू बांधत. एका कांदेवाल्याने ते माझ्यापुढे धरले. "राव, ह्याच्या कोटाला एक डाग न्हाई. ह्यानं इंजान कवा सुरू केलंय?"

मी महिनाभर सायकलवर तो सगळा भाग फिरलो. चाकणकडे विहिरी खोल होत्या आणि गिरण्या हव्या होत्या. रावेत, पुनावळे ही पवनाकाठची गावे. त्यांना नदीचे पाणी वर उचलायचे होते. पिंपरीकडचे लोक इंजिनाचे नाव काढले की नव्या कारखान्यात नोकरी लावता का, असे विचारत. प्रत्येक बाजूला वेगळा कागद गेला पाहिजे, असे मी व्यापाऱ्याला सांगितले. आणि प्रत्येक कागदावर त्या गावाच्या ओळखीचा माणूस पाहिजे. गावातल्याच माणसाचे कौतुक छापले तर भाऊबंदांच्या पोटात दुखते. जावयाचे मात्र सगळे गाव ऐकून घेते.

चाकणचा एक गिरणीवाला रावेतचा जावई होता. आमचे इंजिन त्याच्याकडे वर्षभर चालू होते. पुण्याच्या स्टुडिओत काढलेला फोटो त्याने आनंदाने दिला.

"छापा की राव! सासुरवाडीला कळू द्या, जावई काय चीज हाय."

छापखान्यात फोटोचा लंबगोल ब्लॉक केला. कागद मोकळा दिसतो म्हणून जुळाऱ्याने भोवती फुलांची वेल बसवली. खाली ठळक टायपात नाव आणि त्याखाली बारीक मजकूर. प्रुफात एकही चूक नव्हती. मी त्यावर 'छापा' असे लिहून सही केली.

शनिवारी संध्याकाळी रावेतच्या वाण्याकडे गठ्ठा ठेवला. रविवारी सकाळी चार प्रती घेऊन चाकणला गेलो. गिरणीवाल्याची बायको भाच्याच्या बारशासाठी माहेरी, रावेतलाच, गेली होती. तो एकटाच दळत होता. मिशा, भुवया, पापण्या सगळे पिठाने पांढरे.

दहाच्या सुमाराला दाराशी सायकल आपटली. पन्नाशीचा एक माणूस घामाने भिजलेला आत आला आणि गिरणीवाल्याकडे बघून मटकन खाली बसला. तोंड उघडेच. तो बायकोचा चुलता होता.

गिरणीवाल्याने पट्टा उतरवला. "काय झालं, मामा? भूत बघितल्यावानी काय करताय?"

चुलत्याने हात पुढे करून त्याच्या दंडाला चिमटा काढला. बोटांना पीठ लागले. "जावईबापू," तो म्हणाला, "तुमी हायसा?"

त्याने बंडीतून घडी केलेला कागद काढला. माझे हँडबिल.

मी ते हजार प्रतींत छापले होते, पण पाहिले त्या क्षणी. मधोमध फोटो. भोवती फुले. खाली नाव. साध्या माणसाचा फोटो आमच्या दैनिकात एकदाच, निधनाच्या रकान्यात, छापून येई, आणि त्या रकान्याची प्रुफे मी दोन वर्षे वाचली होती.

"वाण्यानं दार उघडल्याबरोबर कागद घरोघर गेलं," चुलता सांगत होता. "आळीत रडारड. बाया पोरीच्या बांगड्या फोडायला बसल्या. ती हात देईना. म्हनली, मानूस बघितल्याबिगर न्हाई. मलाच धाडलं बघायला. पन आमची आत्याबाई ऐकायची न्हाई. लवकर चला."

पुण्याला निघालेल्या कांद्याच्या ट्रकमध्ये आम्ही तिघे चढलो. गिरणीवाला पोत्यांवर बसून पीठ झटकत राहिला. मोशीपर्यंत तो हसत होता. "मरनाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हनत्यात." नाशिक फाट्यावर टांगा केला. टांगेवाल्याला त्याने दोनदा विचारले, घोडा आजारी आहे का.

रावेतला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. अंगणात बायका दाटीने बसल्या होत्या. त्याला पाहून एक किंचाळली, मग सगळ्याच उठल्या. कोणी साखर आणायला पळाले, कोणी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. "वाढलं गं बाई आयुष्य जावयाचं!"

त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. कपाळ पुसलेले. डावे मनगट मोकळे होते आणि त्यावर रक्ताच्या रेघा. उजवा हात तिने मांडीखाली दाबून धरला होता. नवरा समोर उभा राहिला तरी तिने तो काढला नाही.

आत्याबाई कुंकवाचा करंडा घेऊन आली. ती स्वतः विधवा होती, म्हणून तो तिने शेजारणीच्या हातात दिला. बायकोने मान बाजूला केली.

"सकाळी तुमीच पुसलं."

"अगं, रीत हाय ती. आमाला काय ठावं?"

ती माझ्याकडे वळली. "भाऊ, हे तुमी छापलं?"

"हो."

"काय लिवलंय ते वाचा."

मी वाचले. गिरणीत आमचे इंजिन वर्षभर बिनतक्रार चालू आहे, मालकांना विचारून खात्री करून घ्यावी. कोणाला इंजिन हवे असेल तर पत्ता खाली दिला आहे.

तिने कागद माझ्या हातातून घेतला.

"इचारून घ्या, असं लिवलंय," ती म्हणाली. "एकीनं तरी वाचून घ्यायचं. मास्तरांचं घर दोन दारं सोडून हाय."

"फोटू बघितला," आत्याबाई म्हणाली, "मग वाचायचं काय?"

बायको उठली. बारशाला आणलेले लुगडे गाठोड्यात बांधून तिने नवऱ्याच्या हातात दिले. तिचा भाऊ जेवायला थांब म्हणाला, वहिनी रडली. ती पायरी उतरून टांग्यात बसली.

वाटेत मी क्षमा मागितली, ती कोणालाच ऐकू गेली नसावी. चिंचवडला तिने टांगा थांबवायला सांगितला. कासाराच्या दुकानात बसून डावा हात पुढे केला. कासाराने कापडाने रक्त टिपले.

"दोन्ही हात भरू का, ताई?"

"एकच. ह्यो उजवा हात मी दिला न्हाई."

नवरा फळीशी उभा होता. बांगडी हाडावरून सरकताना तिने डोळे मिटले नाहीत. भरून झाल्यावर तिने दोन्ही हात शेजारी धरून बांगड्या मोजल्या आणि उजव्या हातापेक्षा एक कमी आहे, असे कासाराला सांगितले.