सिस्टर आणि सिंकखालची रांग

माझी थोरली जाऊ आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. ‘आयुष्यभर’ हा शब्द लोक फार सैल वापरतात, मी जपून वापरते. पण हिच्या बाबतीत दुसरा शब्दच नाही. नोकरी संपली, थिएटर संपलं नाही. अजूनही ती हात धुते ते कोपरापर्यंत, आणि धुतल्यावर ते समोर उंच धरून उभी राहते, जणू आता कुणीतरी येऊन हातमोजे चढवणार आहे. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते. मी म्हणते, तिचा नवराही म्हणतो. नात्यानं ती थोरली आणि वयानं मी, त्यामुळे आमचं अगं-तुगं आहे आणि भांडण बरोबरीचं होतं.

तिच्या घरात ओटा पुसायचीही पद्धत ठरलेली. फडक्याची चौपदरी घडी, एकाच दिशेनं एकच हात, मग घडी उलटायची. पुसलेल्या जागेवरून फडकं परत न्यायचं नाही. मी एकदा तिच्याकडे सांडलेलं दूध गोल गोल पुसलं, तर तिनं फडकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि थेट उकळत्या पाण्यात टाकलं. टाकताना एकदा माझ्याकडेही बघितलं. पातेलं लहान होतं म्हणून मी वाचले.

अशा बाईच्या घरात मुंग्या निघाल्या.

नुसत्या निघाल्या असत्या तर मी कशाला लिहीत बसले असते. पण तिची मुलगी बँकेत नोकरीला आहे, तिची रजा संपली होती, आणि बाळ दिवसा आजीकडे ठेवायचं ठरलं होतं. आता बाळाला आज्या दोन. दुसरी आजी, म्हणजे सिस्टरची विहीण, नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहते. तिथे गुळगुळीत फरशी, खिडक्यांना जाळ्या, आणि मुंगीला वर यायचं तर लिफ्टच लागेल अशी उंची. तरी मुलीनं आईलाच निवडलं होतं. सिस्टरनं ते मिरवलं नाही असं मी म्हणणार नाही. पाळण्याच्या चाकांना स्पिरिट लावताना ती चक्क गुणगुणत होती. मी खालच्याच मजल्यावर राहते, मला सगळं ऐकू येतं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी मुलगी बाळाला घ्यायला आली. त्याच्या मांडीवर लाल गांधी होती, आणि लंगोटाच्या कडेशी गांधीची मालकीण.

“आई, ही मुंगी आहे.”

“दिसतंय मला.”

“तुझ्या घरात.”

हे दोन शब्द फार लागले. मुलगीही आईचीच, सोडते थोडीच. म्हणाली, “मुंग्या जाईस्तोवर बाळ सासूबाईंकडे राहील. रविवारी मी येऊन बघते. एक जरी मुंगी दिसली तरी पाळणा कायमचा तिकडे नेते. रोज इकडून तिकडे करायला बाळ म्हणजे पार्सल नाही.”

बूट न काढता आत आलेल्या सर्जनला हिनं एके काळी दारातून परत पाठवलं होतं. तिनं आता बाळाची पिशवी मुलीच्या खांद्याला अडकवून दिली. मुलगी गेल्यावर मी वर गेले तेव्हा बाळाचं विसरलेलं टोपडं हातात धरून बसली होती. टोपड्यावर दुधाचा डाग होता आणि तिनं ते धुवायला टाकलं नव्हतं. तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरनं मुंग्यांवर ऑपरेशन सुरू केलं. फिनेल झालं, स्पिरिट झालं, उकळतं पाणी झालं. पाळण्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत गेले. रांग दिसली की फडक्याची घडी, एकाच दिशेनं एकच हात, आणि रांग साफ. मुंग्या बिचाऱ्या गोंधळायच्या, जरा विचार करायच्या आणि दुसरीकडून निघायच्या. सिंकखालची एक रांग होती, तिच्या तीन झाल्या. एक खिडकीच्या चौकटीतून, एक बाथरूमच्या दारातून आणि एक विजेच्या बटणातून, जणू दिवा लावला की मुंग्या चालू.

“माझ्या थिएटरमध्ये माशी कधी आली नाही,” ती म्हणाली.

“माशीचं काय घेऊन बसलीस,” मी म्हटलं, “या फिनेलच्या वासानं बाळाची आई आधी बेशुद्ध पडेल.”

मग एका दुपारी तिनं मला वरूनच हाक मारली. “ये वर. साक्षीदार पाहिजे.”

टेबलावर तिचा जुना स्टीलचा ट्रे होता, काजूसारखा वाकडा, थिएटरमधल्यासारखा. त्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं ओळीनं मांडलेली. समोर माझे थोरले दीर. भाऊजींनी उभ्या नोकरीत लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचले. अजूनही टॉर्च खिशात असतो आणि मान जरा वाकडीच असते. त्या क्षणी ती जास्तच वाकडी होती.

“खोकला कधीपासून आहे?” सिस्टरनं विचारलं.

“कुणाला?”

“तुम्हाला.”

“मला खोकला नाही.”

“तेच म्हणते मी. खोकला नाही आणि औषध चाललंय. सिंकखाली एक झाकण, डब्यांच्या मागे एक, बाथरूमच्या दाराशी एक. सगळी चिकट. आम्ही पोट शिवायच्या आधी आत काही राहिलंय का ते मोजतो, मला झाकणं मोजायला शिकवू नका. या वयात चोरून खोकल्याचं औषध पिता?”

भाऊजींनी टॉर्च काढून एकेक झाकण बघितलं. मग अगदी दुखऱ्या आवाजात म्हणाले, “ही तू उचललीस?”

“मग कोण उचलणार?”

“मला वाटलं मुंग्या नेतायत.”

“झाकणं?” मी विचारलं.

“रांग केवढी होती ते तू बघितलं नाहीस,” ते म्हणाले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊजी रोज क्लबात कॅरम खेळतात, आणि कॅरमच्या बोर्डावर टाकायची बोरिक पावडर घरात असते. तिथल्या एका जोडीदारानं त्यांना सांगितलं होतं की साखरेच्या पाण्यात ही पावडर कालवून झाकणात ठेवायची. मुंगीनं ती खायची, घरी न्यायची, राणीला भरवायची, म्हणजे आख्खं घरच बसतं. भाऊजी सिस्टरच्या पाठीमागे झाकणं ठेवत होते आणि सिस्टर भाऊजींच्या पाठीमागे ती उचलत होती. चिकट वस्तू जमिनीवर दिसल्यावर ती कशाची आहे असा प्रश्न तिला पडतच नाही. आधी हात जातो.

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू? तुझ्या सिंकखाली साखरेचं पाणी ओततोय? मला अजून जगायचंय, सिस्टर.”

“आणि तरी मुंग्या मेल्या नाहीत.”

“कशा मरतील? त्या जेवायला येतात तर खानावळ गायब, आणि परत जावं तर रस्ता धुतलेला.”

माझा संयम तसाही तोकडा आहे. मी म्हटलं, “तुम्ही दोघं मिळून मुंग्या पाळताय. एक जेवायला घालतो, दुसरी फिरायला नवे रस्ते काढून देते. आता एकानं कुणीतरी थांबा.”

कुणी थांबायचं हे उघड होतं. सिस्टरला फक्त ते ऐकायचं नव्हतं.

“येऊ द्यायच्या?” तिनं विचारलं.

“येतील तितक्या,” भाऊजी म्हणाले.

“आणि मी काय करायचं?”

“काही नाही.”

तिनं जन्मात सगळं केलं होतं, हे सोडून. ती उठली, कोपरापर्यंत हात धुऊन आली आणि म्हणाली, “पावडर किती घालता?”

“चमचाभर.”

“सपाट की शीग लावून?”

“शीग लावून. जोरदार.”

“एवढ्या डोसनं पेशंट टेबलावरच जाईल, घरी काय नेणार?” असं म्हणून तिनं पावडर चिमटीवर आणली, पाणी उकळून गार केलं आणि प्रत्येक झाकणात स्वतः ओतलं. सांडू दिलं नाही एक थेंब.

मग मुंग्या आल्या. काय आल्या! झाकणांच्या कडेनं काळी किनार धरली, सिंकखाली चौपदरी रांग लागली. सिस्टर स्टुलावर बसून होती, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, फडकं खुंटीवर. पहिला दिवस तिनं कसा काढला ते मला बघवेना म्हणून मी खाली जाऊन बसले. पण दुसऱ्या दिवशी वर गेले तर बाईचा सूर बदललेला. माझा पाय जरा पुढे गेला तर म्हणते, “पाय मागे घे. जेवतायत त्या.” भाऊजींनी टॉर्च मारला तर त्यांना बाहेर काढलं. “डोळ्यांवर उजेड काय मारता? रांग मोडली तर तुम्ही लावणार आहात परत?” बाथरूमकडची रांग पातळ झाल्याचं तिनं मला असं सांगितलं, जसं एखाद्याचा ताप उतरल्याचं सांगावं.

आणि नेमकी अशा वेळी विहीण आली. न कळवता, बाळाला तिकडच्या आजोबांकडे सोपवून, मोठी पर्स खांद्याला अडकवून.

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. “बसा ना बाहेर, पंख्याखाली.”

“पाणी घेते फक्त. तुम्ही कशाला त्रास घेता.” आणि विहीणबाई गोड हसत तिच्या हाताखालून आत.

सिंकखाली त्यांना ती चौपदरी रांग दिसली. मला सिस्टरचा चेहरा दिसत होता. पाळणा जिन्यावरून उतरताना तिला त्या क्षणी दिसत असणार. मग विहीणबाईंनी पर्स उघडली, मुंग्या मारायचा खडू काढला, पदर खोचला आणि रांगेवर रेघ ओढायला खाली वाकल्या. सिस्टरनं त्यांचं मनगट धरलं.

“हात सोडा माझा.”

“आधी खडू ट्रेमध्ये ठेवा.”

“अहो, मी मुंग्या मारतेय.”

“आणि मी जेवायला बसवल्यात. मध्ये पडू नका.”

खडू ट्रेमध्ये पडला. विहीणबाई मटकन स्टुलावर बसल्या. सिस्टर कोरड्या आवाजात म्हणाली, “झालं समाधान? आता जाऊन सांगा सुनेला.”

“कसलं समाधान?” विहीणबाई जवळजवळ रडकुंडीला आल्या. “या कधी जाणार ते सांगा मला. माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय. चष्मा नातवानं दोनदा ओढून वाकवला. दुपारी डोळा लागत नाही की मैत्रिणींकडे पत्त्यांना जाता येत नाही. मला तर वाटायला लागलं होतं, तुम्ही मुद्दाम ठेवल्यात या मुंग्या.”

“मी?” सिस्टर म्हणाली. “माझ्या घरात?”

“मग झेपत नाही असं सांगा ना सुनेला,” मी मध्येच म्हटलं.

“काय सांगू? नातू जड झाला म्हणून? ती माझ्या म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवेल.” असं म्हणून त्या वाकल्या आणि बराच वेळ रांग बघत राहिल्या. “ती डावीकडची झाकणात पडली हो.”

“निघेल,” सिस्टर म्हणाली. “कालची पण निघाली.”

शनिवारी रांगा आटल्या. सिंकखाली दोनचार उगाच घुटमळत होत्या, मग त्याही दिसेनात. सिस्टरनं झाकणं उचलली, पावडर कपाटात वर कुलपात ठेवली आणि खुंटीवरचं फडकं काढलं. घर पुसताना परत गुणगुणणं ऐकू आलं.

रविवारी मुलगी, बाळ आणि विहीणबाई, सगळे आले. मुलीनं वडिलांच्या खिशातला टॉर्च घेतला आणि सिंकखाली, डब्यांमागे, बटणाच्या फटीत बघितलं. पाळण्याची गादी उलटून बघितली. मान तिचीही वडिलांसारखी वाकडी झाली होती. मग चहाला बसली. म्हणाली, “बरं आहे.” तिच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

तेवढ्यात ती दिसली. टेबलाच्या मधोमध, पांढऱ्या कापडावर, एकटी, कुठल्याही घाईत नसलेली. सिस्टरला दिसली, मला दिसली, भाऊजींनी तर डोळेच मिटले. मुलगी बाळाच्या तोंडाला लागलेलं पुसत होती. विहीणबाईंनी कपबशी उचलली, एक घोट घेतला आणि बशी शांतपणे मुंगीवर ठेवली.

“द्या, मी कप नेते धुवायला,” मुलगी म्हणाली.

“राहू दे. मी अजून अर्धा घेणार आहे.”

सिस्टरनं किटली आणली आणि बशी न हलवता कपात चहा ओतला. विहीणबाई प्यायल्या. सिस्टरनं परत ओतला. त्या परत प्यायल्या. एक बोट बशीच्या काठावर दाबलेलं होतं ते होतंच. दोन विहिणींमध्ये इतका एकोपा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

“तुम्हाला चहानं पित्त होतं ना?” मुलीनं विचारलं.

“हा चहा वेगळा आहे,” विहीणबाई म्हणाल्या.

शेवटी मुलगी उठली. बाळ झोपलं होतं, म्हणाली, राहू दे आता इथेच, संध्याकाळी येते. उद्यापासून ठरल्याप्रमाणे. दार लागलं, तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला आणि बशी उचलली.

बशीचा तळ पोकळ असतो हे आम्हा चौघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मुंगी ठणठणीत होती. तिनं मिशा हलवल्या, इकडेतिकडे बघितलं आणि टेबलाच्या पायावरून उतरून सिंकच्या दिशेनं निघाली. सिस्टरचा अंगठा पुढे आला, तिच्यावर येऊन थांबला, आणि मागे गेला.

“घरी कुणीतरी असणार तिच्या,” ती म्हणाली. मग हात धुवायला वळली, कोपरापर्यंत, आणि ते उंच धरून नवऱ्याला म्हणाली, “अहो, एक झाकण आणा. पावडर मी घालते. आणि पाळणा आतल्या खोलीत न्या.”